हंगामी द्वारोत्थापक

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या गॅरेजच्या दाराची डावी स्प्रिंग तुटली. आवाज एवढा मोठा झाला की तपासणीच्या रांगेतले दोघे आपापला आजार विसरून पळाले. कार्यालयाने मात्र ही बाब शांतपणे घेतली, कारण आवाज लेखी स्वरूपात आलेला नव्हता.

या गॅरेजमध्ये रुग्णालयाची एकुलती एक रुग्णवाहिका राहत असे. दार लोखंडी, वर सरकणारे, चांगले जाडजूड. त्याच्या माथ्यावरच्या दांड्याला दोन स्प्रिंगा होत्या. दाराचा सगळा भार त्या तोलून धरत आणि बटण दाबले की दार मुकाट्याने वर जाई. हे बटण गेली अठरा वर्षे ज्यांनी दाबले, त्या चालकांना सगळे चारमिनिटे म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हे. 'फोन वाजताच चार मिनिटांत गाडी रस्त्यावर' असा फलक रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर होता, आणि तो खरा करून दाखवणारा तिथे हा एकच माणूस होता. शेजारी 'हसतमुख सेवा' असाही एक फलक होता, पण त्याची जबाबदारी कोणाला वाटून दिलेली नव्हती.

चारमिनिटेंनी बटण दाबले. मोटर नुसतीच घुं घुं करत राहिली. त्यांनी मान वर करून पाहिले तर डाव्या स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये दोन बोटांची फट पडली होती. ते तडक अधीक्षकांच्या खोलीत गेले.

"साहेब, गॅरेजची स्प्रिंग तुटली."

"कोणी तोडली?"

"कोणी नाही. झिजून तुटली."

"असं लिहिता येत नाही हो. तोडणारा नसेल तर 'तुटलेल्या अवस्थेत आढळली' असं म्हणावं लागतं. कोणाला आढळली?"

"मला."

"मग तुम्हाला एक नोटीस निघेल. मनाला लावून घेऊ नका. फाइल कुठूनतरी सुरू व्हावी लागते."

चारमिनिटेंनी नोटीस खिशात घातली आणि स्वतःच फोन करून मिस्त्री बोलावला. मिस्त्री म्हणून एक बाई आल्या. वडिलांच्या माघारी हे काम त्याच बघत. त्यांच्या टेम्पोत शिडी होती, लोखंडी सळया होत्या आणि दोन कोऱ्या स्प्रिंगाही होत्या. भांडारपाल आधी टेम्पोत डोकावून मिस्त्री कुठे आहे ते शोधत राहिले. बाई तोवर शिडीवर चढून खालीही उतरल्या होत्या.

"अर्ध्या तासाचं काम आहे. पण दोन्ही बदला. दोघी एका वयाच्या आहेत, आज ही गेली, उद्या ती जाईल."

"बदलू की," भांडारपाल म्हणाले. "जुनी जमा करा, नवी मंजूर होईल."

"बरं, जुनी काढते."

"काढता येणार नाही. स्प्रिंग नसलेल्या दारामागे वाहन ठेवायचं नाही, असा नियम आहे."

"आणि तुटलेली चालते?"

"तुटलेली आहे ना! असणं महत्त्वाचं. नोंदवहीत दोन आहेत, दांड्यावर दोन आहेत."

"मग गाडी बाहेर काढा, मी जुनी काढते."

"गाडी कशी निघेल? दार उघडत नाही."

बाईंनी चारमिनिटेंकडे पाहिले. "हे रोज असंच बोलतात, की आज काही खास आहे?"

बाईंनी शिडी आवरली. "स्प्रिंगा टेम्पोतच ठेवते," त्या जाताना म्हणाल्या. "यांचं डोकं ठिकाणावर आलं की बोलवा."

नवी स्प्रिंग मंजूर होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून दार हातांनी उचलायचे ठरले. त्यासाठी शिपाई, माळी, स्वयंपाकी आणि लिफ्टमन अशा चौघांना तोंडी आदेश दिला गेला. लिफ्टमनला माणसे वर नेण्याचा अनुभव असल्यामुळे त्याला प्रमुख नेमण्यात आले. सराव झाला तेव्हा दार उचलले गेले. सगळ्यांना हायसे वाटले आणि त्या आनंदात मंजुरीची फाइल तातडीची होती ती साधी झाली.

गुरुवारी दुपारी फोन आला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकांच्या छातीत दुखत होते. चारमिनिटेंनी "निघालोच" म्हणून फोन ठेवला आणि चौघांना हाका मारायला सुरुवात केली. माळी मागच्या कुंपणापाशी होता. स्वयंपाक्याच्या गॅसवर दूध होते, आणि ते उतू गेले तर लेखी खुलासा त्यालाच द्यावा लागणार होता. लिफ्टमन दोन मजल्यांच्या मध्ये होता. शिपाई सही घ्यायला गेला होता, आणि हातात फाइल होती ती स्प्रिंगेचीच. चौघे जमून दार खांद्यावर घेईपर्यंत सव्वीस मिनिटे गेली.

गाडी पोहोचली तोवर काकांनी घरातच प्राण सोडला होता. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, एका हातात काकांची चप्पल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी.

"अहो, तुम्ही निघालोच म्हणालात," त्या म्हणाल्या. "मी तेव्हापासून इथेच उभी आहे."

चारमिनिटेंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. अठरा वर्षांत त्यांना असे कोणी म्हटले नव्हते. संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीबाईंना फोन केला. पण तोंडून नुसते हुंदकेच निघाले. "सांगा कधी येऊ," एवढेच बाई म्हणाल्या.

घटनेची दखल घेण्यात कार्यालय जराही मागे राहिले नाही. शनिवारी बैठक झाली. बैठक चालू असतानाच उजवी स्प्रिंगही तुटली. आवाजाने अधीक्षकांच्या कपातला चहा हिंदकळून इतिवृत्तावर सांडला, त्यामुळे त्या तुटण्याची नोंद मात्र पहिल्याच दिवशी झाली. सखोल चर्चेअंती असे निष्पन्न झाले की विलंबाचे कारण स्प्रिंग नसून मनुष्यबळाची कमतरता आहे. 'हंगामी द्वारोत्थापक' अशी आठ नवी पदे निर्माण करण्यात आली. पात्रता, खांदे दोन. आठांपैकी सात पदे त्याच दुपारी भरली गेली आणि त्या सातांपैकी कोणीही कोणाचा कोणी नव्हता, असे सर्वांनी लिहून दिले.

उरला प्रश्न फलकाचा. तोही अधीक्षकांनीच सोडवला. "फोन वाजल्यापासून मोजायचं, ही मूळ चूक आहे," ते म्हणाले. "दार उघडेपर्यंतचा वेळ दाराचा. गाडीचा वेळ दार पूर्ण उघडल्यावर सुरू होतो." या पद्धतीने मोजल्यावर गाडी पन्नास सेकंदांत रस्त्यावर येते असे आढळले. फलक रंगवून नवा केला गेला आणि त्याच्या अनावरणाचा समारंभ झाला. गावातले झाडून सगळे आले. द्वारोत्थापकांनी एका दमात दार उचलून दाखवले तेव्हा लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. बेकरी त्या दिवशी बंदच होती.

चारमिनिटे मात्र इरेला पेटले होते. त्यांनी एके दिवशी गाडी बाहेर काढली ती परत आत नेलीच नाही. फाटकाजवळच्या झाडाखाली उभी केली. त्या आठवड्यात दोन फोन आले आणि दोन्ही वेळा गाडी चार मिनिटांच्या आत निघाली. पुढच्याच दिवशी त्यांना समज मिळाली. वाहन झाडाखाली ठेवल्याने गॅरेज विनावापर पडले असून, सात कर्मचारी कामाअभावी मानसिक तणावाखाली आहेत, सबब वाहन पूर्ववत दाराआड ठेवावे. चारमिनिटेंनी गाडी आत नेली, अर्जांवर अर्ज केले आणि शेवटी मिस्त्रीबाईंना निरोप धाडला. रविवारी सकाळी कार्यालय बंद असते. गुपचूप या आणि दोन्ही बसवून टाका. पुढचे मी बघून घेईन, नोकरी गेली तरी बेहत्तर.

शनिवारी अधीक्षकांनी त्यांना खोलीत बोलावले आणि चक्क बसायला सांगितले.

"तुमचे जावई सध्या काय करतात हो?"

"काही नाही साहेब. दोन वर्षं झाली, घरीच असतात."

"खांदे बरे आहेत ना? आठवी जागा अजून रिकामी आहे. पुढेमागे कायमही होईल." साहेब जरा पुढे झुकले. "अर्थात, दार असंच राहिलं तर."

चारमिनिटे घरी गेले. त्यांनी बायकोला सांगितले आणि बायकोने लेकीला. लेक धावतच आली. दोन वर्षांत तिला असे हसताना त्यांनी पाहिले नव्हते. "बाबा," ती म्हणाली, "कायम होतील ना हो ते?" चारमिनिटेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काकू त्यांना त्या क्षणीही आठवल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण काकूंचे आता काय व्हायचे राहिले होते? आणि लेक तर समोर उभी होती.

रविवारी सकाळी बाईंनी टेम्पो लावला आणि शिडी दाराला टेकवली. चारमिनिटे शिडीच्या आड येऊन उभे राहिले.

"राहू द्या."

"का हो? मंजुरी आली?"

"नाही. पण चालतंय तसं."

"त्या दिवशी फोनवर रडत होतात तुम्ही."

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

"दार तर तेच आहे," बाई म्हणाल्या. बाईंनी त्यांना एकदा नीट पाहून घेतले आणि शिडी उचलली. "आता मला बोलवू नका. बोलवलंत तरी येणार नाही."

त्यानंतर सगळे सुरळीत झाले. या प्रयोगाची कीर्ती वरपर्यंत गेली आणि सर्व रुग्णालयांनी गॅरेजच्या दारांच्या चालू स्प्रिंगा काढून भांडारात जमा कराव्यात, असे परिपत्रक निघाले. ज्यांच्या स्प्रिंगा नव्या आणि घट्ट होत्या, त्यांना त्या काढण्यासाठी मुदतवाढ मिळाली. आपल्याकडे आठव्या जागेवर लागलेल्या जावयांनी प्रगती केली. ते आता शिट्टी वाजवतात. शिट्टीशिवाय दार उचलायचे नाही आणि हजेरीपटावर सही झाल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, अशी पद्धत आहे. दार जड असल्याने नववे पदही निघणार आहे.

त्या पदासाठी तुमच्या पुतण्याचा अर्ज आलेला आहे. अधीक्षकांना तुम्ही स्वतः भेटून गेलात, हे त्यांच्या लक्षात आहे. समारंभातही तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात आणि टाळ्या सर्वांत शेवटी थांबवल्या होत्या तुम्हीच.

तेव्हा आत्ता तुमच्या घरून जो फोन आला, तो चारमिनिटेंनी पहिल्याच घंटेला उचलला. पत्ता नीट उतरवून घेतला, छातीत किती वेळ दुखते आहे तेही विचारले आणि "निघालोच" म्हणून सांगितले. हजेरीपट सापडला आहे, पेन शोधताहेत. तुम्ही उंबऱ्यात उभे राहा आणि उशीर होतोय असे मुळीच समजू नका. घड्याळ अजून सुरू झालेले नाही.