तात्यांच्या गोगलगाई

आमच्या काटेवाडीत पाहुण्याला आधी पाणी विचारतात. शेजारचे तात्या आधी विचारतात, "दात किती?"

पाहुणा चाचरत आकडा सांगतो. "बास? गोगलगाईला हजारांनी हायत. आन् तेबी जिभंवर!" तात्यांना कवळी आहे, त्यामुळे 'हजारांनी' म्हणताना समोरच्याला थोडं वारंही लागतं.

तात्या बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. काकू गेल्या, मुलगी परदेशात. आता घरात तात्या आणि त्यांचा विषय. माणसंही ते खाण्यावरूनच ओळखतात. माझा मेहुणा 'शिंपला'. "त्याला दात न्हाईत, जीभ न्हाय. तोंड उघडं ठिवायचं, व्हात येईल ते गाळून घ्यायचं." मला हे फार पटलं. "आन् मी वो, तात्या?"

"तू? तू कोबी."

यंदा मी मोबाइलवर बघून खरोखरच कोबी लावला आणि गोगलगाईंनी तो ताटात वाढल्यासारखा खाल्ला. औषध विचारायला गेलो, तर तात्यांनी काचेला पिठाची खळ फासली, वर गोगलगाय सोडली आणि मला खालून बघायला लावलं. इवलंसं तोंड उघडलं, जीभ आली, खळ पुसून आत गेली.

"बघ लेका, किसणी! पुढचे दात झिजले की मागनं नवी रांग सरकती. आपलं तसं असतं तर ही कवळी कशाला घातली असती?"

बऱ्याच वेळानं औषध कळलं. संध्याकाळी ओलं पोतं अंथरायचं, सकाळी खाली जमलेल्या गोळा करायच्या.

बादली भरली. मिठाच्या पाण्यात टाकायच्या, तर तात्यांना काय वाटेल? त्यापेक्षा त्यांनाच भेट देऊ. तात्या सणसरला लग्नाला गेले होते, किल्ली आमच्याकडंच असते. बादली त्यांच्या पुढच्या खोलीत ठेवली आणि गोगलगाईंना गार वाटावं म्हणून वर ओलं वर्तमानपत्र बांधलं.

ते झाकण गोगलगाईंनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तात्यांची हाक आली. धावलो. गोगलगाई भिंतीवर चढून चुना किसत होत्या. ती भिंत तात्यांनी वर्षानुवर्षं रंगवली नव्हती. आम्ही त्याला चिक्कूपणा म्हणायचो. दाराशेजारी काकूंच्या हातांचे कुंकवाचे ठसे होते, या घरात आल्या त्या दिवशीचे. ते मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसले, कारण तात्या त्या ठशांसमोर स्टुलावर बसले होते.

मी एक गोगलगाय धरली.

"ओढू नगं! पोपडा निघंल!" मग तिच्यापुढं बादलीतलं कोबीचं पान धरून हळूच, "हिकडं ये, बाई. हितं कवळं हाय."

पान एकच होतं. मी शेतात पळालो आणि उरलेसुरले सगळे कोबी उपटून आणले. एकेकीला आम्ही पानावर उतरवून घेतलं. दोन्ही तळवे वाचले. उजव्या हाताची करंगळी गेली.

"तात्या, चुकलं वो."

"तिचं काय चुकलं? शंखाला चुना लागतो तिला."

तात्यांनी आपली करंगळी त्या कोऱ्या जागेवर टेकवून बघितली.

"बसत न्हाय," ते म्हणाले. "लई नाजूक व्हती तिची."