सुईकडं ध्यान

बबनविषयी लिहा, असं माझा मुलगा बरीच वर्षं म्हणतो आहे आणि मी टाळत आलो आहे. चार माणसांत त्याचा विषय निघाला की मी मिसळीची गोष्ट सांगतो, सगळे हसतात आणि मी तिथंच थांबतो. आज पुढंही सांगणार आहे.

बबन कळंबमधला माझा शेजारी, माझ्याच वयाचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. साठीच्या आसपास त्यानं पुण्याहून एक जुनी, लाल, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्‌स कार आणली. आळेफाट्याला मिसळ खायला गेलो की मी हॉटेलात बसे आणि हा बाहेर गाडीतच, इंजिन चालू ठेवून. वेटर सांगायला जाई, "भाऊ, मिसळ गार झाली."

"हू दे. इंजिन अजून गरम हाय."

जोरात पळवलेली गाडी थांबल्यावर लगेच बंद करणं त्याला पाप वाटे. "शर्यतीत पळून आल्याला बैल तू लगीच बसवतो का, तात्या? जरा फिरवतोच ना?" बैलगाड्यांच्या शर्यतींच्या आमच्या मुलखात हे कुणालाही पटे. सकाळी याच्या उलट. इंजिन कोमट होऊन सुई हलेपर्यंत गाडी जागची हलत नसे.

सुई म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारी. रस्त्यापेक्षा त्याचं लक्ष तिच्याकडं जास्त. बोअरचं पाणी रेडिएटरला वर्ज्य, त्यात क्षार असतो म्हणून. हिरव्या कूलंटचा कॅन कायम सीटमागं. आणि चढाला सुई वर सरकली की भर उन्हाळ्यात तो गाडीतला हीटर लावी. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची, म्हणजे इंजिन निवतं. इंजिन निवायचं, आम्ही शिजायचो. एकदा अवसरी घाटात मी म्हणालो, "बबन, मी मरतोय."

"तू न्हाई मरत. तापून इंजिनाचं हेड वाकतं, तुझं काय वाकनार हाय?"

गाडीला तो कुणाला हात लावू देत नसे. अपवाद एकच, माझा मुलगा संदीप. तो लहानाचा मोठा बबनच्याच अंगणात झाला होता. त्याच्या लग्नात परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक, घोड्याऐवजी या गाडीतून काढायची असं संदीपनंच ठरवलं. माणसाच्या चालीनं गाडी चालवायची म्हणजे इंजिनाला वारा नाही, हे बबनला ठाऊक होतं. तरी पोराला त्यानं नाही म्हटलं नाही. अट एवढीच घातली, "हार पायजे तिथं टाका. पुढच्या जाळीवर मात्र काय बी बांधायचं न्हाई. तिथनंच ती श्वास घेती."

मिरवणूक निघाली. गाडीत हीटर चालू, शेरवानीतला नवरदेव घामानं चिंब, आणि दोघंही मजेत. देवळाच्या अलीकडं डीजेपुढं नाचणारे हलेनात. माझे व्याही शेजारी उभे होते. म्हणाले, "पावणं, गाडीचं तोंड अगदीच भुंडं दिसतंय. फोटोत काय येनार?"

मोगऱ्याची एक जाड चादर उरली होती. ती मी जाळीवर ताणून बांधली. गाडी बसकी, बॉनेट लांब. आत बसलेल्या बबनला गाडीचं नाक दिसत नव्हतं.

थोड्याच वेळात बॉनेटखालून वाफ उसळली. गर्दी मागं सरली. मी वाफेत हात घालून चादर ओढली आणि कुणी बघायच्या आत गटारात टाकली. हात भाजले. मित्राची गाडी वाचवायला धावलो, म्हणून पुढं लग्नात माझं कौतुकही झालं.

"म्हाताऱ्यानं पानीच घातलं नसंल," व्याही म्हणाले. लोक हसले. मीही हसलो.

बबन खाली उतरून गाडीपाशी उभा होता. मला हळूच म्हणाला, "माझीच चूक, तात्या. पोरगं मुंडावळ्या बांधून बसल्यालं, लई गोड दिसत व्हतं. त्याच्या तोंडाकडंच बघत राह्यलो. सुईकडं ध्यानच न्हाई राह्यलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लग्न लागायचं होतं, पाहुणे खोळंबले होते. उद्या सांगू म्हटलं.

इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं होतं. सुटे भाग मिळाले नाहीत आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. त्याची तक्रार त्यानं कधी केली नाही. पण त्यानं मोटारसायकलही सोडली आणि एसटीनं फिरू लागला. संदीपला मुलगी झाली तेव्हा सून तिला मुद्दाम त्याच्या मांडीवर द्यायला घेऊन गेली. त्यानं हात मागं घेतले.

"नको पोरी. माझं ध्यान राहत न्हाई."

सुनेला वाटलं, म्हातारा लाजतोय. मी तिथंच उभा होतो. पोरगी पुढं अंगणात खेळायची आणि तो ओट्यावरून तिच्याकडं बघत बसायचा. जवळ आली की उठून आत जायचा. त्यानं तिला एकदाही उचलून घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. अग्नी संदीपनंच दिला. दशक्रियेला घोड नदीच्या काठी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. सर्वांत जवळचा म्हणून माइक आधी माझ्या हातात दिला. समोर मुंडन केलेला संदीप, त्याच्या शेजारी सून, तिच्या मांडीवर नात. मी म्हणालो, असा शेजारी पुन्हा होणे नाही. आणि माइक पुढाऱ्याकडं दिला.

म्हणायचं होतं ते एवढंच होतं. बबन, पोराच्या तोंडाकडं बघण्यात तुझं काही चुकलं नव्हतं. जाळी मी झाकली होती. मला माफ कर.