अध्यक्षांच्या छपराला भोक

सेमिसी मिस्त्री आमच्याकडे आला तेव्हा घर बांधून वर्ष उलटून गेलं होतं. आला, खांबाला टेकून बसला, भाजलेला नीरफणस खाल्ला, नारळाच्या दुधातलं अळू खाल्लं, सगळ्यांची विचारपूस केली आणि मग हळूच म्हणाला, "फुआतिनोअक्का, ती मानाची चटई राहिली बरं का."

घर उभं राहिलं की मिस्त्रीला कापडासारखी मऊ विणलेली चटई मानाने द्यायची, ही आमची रीत; मी विसरले नव्हते. नव्या घराच्या जेवणावळीत मीच भर गावासमोर ती कबूल केली होती. पण मधे भाचीचं लग्न निघालं आणि तिच्या सासरचे डोळे दिपवायला चटई तिकडे गेली. आता उरली होती एकच, ती माझ्या मयतावर घालायची म्हणून पेटीत जपलेली.

"काम चालू होतं तोवर जेवू घातलं ना रे?" मी म्हटलं. "तुझ्या माणसांनी माझी डुकरं संपवली."

"डुकरं चांगलीच होती अक्का. पण बायकोला ती अंगाला गुंडाळून मिरवता येत नाहीत."

"मग पुढच्या वर्षी ये."

सेमिसी भांडला नाही. आमच्याकडचे मिस्त्री भांडत नाहीत. तो छपरावर चढला, मानाचे पाहुणे बसतात त्या जागेवरच्या उसाच्या पाल्याच्या पेंढ्या उचकटल्या आणि "येतो" म्हणून निघून गेला. एका मिस्त्रीने पाडलेलं भोक दुसरा बुजवत नाही, हे अख्ख्या बेटाला ठाऊक. असलं भोक म्हणजे या घरचं देणं थकलंय अशी दवंडीच.

नेमकी दुसऱ्याच दिवशी बायकांच्या कमिटीची घरतपासणी. कुणाच्या चटईखाली केर आहे, कुणाची पातेली काळी आहेत ते बघायचं आणि दंड ठोकायचा. अध्यक्ष मीच. माझ्या जिभेला भिऊन बायका पहाटेपासून झाडत बसतात.

चिटणीस मालिया अगदी भोकाखालीच उभी राहिली. कवडसा थेट तिच्या नाकावर. "हे काय, अध्यक्षबाई?"

"वारं खेळायला. घरातली रोगराई वर निघून जाते. शहाणी माणसं आता अशीच घरं बांधतात."

मागे माझी सून लितिआ खोकली. मी नुसतं वळून पाहिलं, तर तिचा खोकला बरा झाला.

"मग नियमच करू या," मालिया म्हणाली. "ज्या घराला भोक नाही, त्याला दंड. मानाची एक चटई."

आता अध्यक्षाने रोगराईची बाजू कशी घ्यावी? मी हात वर केला.

सेमिसीचं नशीब उघडलं. घरोघर भोकं पाडत, कुणाची कोंबडी, कुणाचं डुक्कर घेत तो गावभर फिरला. शेवटी माझ्याकडे आला. "अक्का, तुमच्या कृपेने पोटापाण्याचं झालं. ती चटई मी सोडली." आणि माझं भोक फुकट बुजवून दिलं.

"बघितलंस?" मी लितिआला म्हटलं. "चटई वाचली, छप्परही झालं. डोकं लागतं."

"बघतेय," ती म्हणाली.

मग पाऊस लागला तो उघडेचना. गावात कोरडं घर एकच. भिजलेली पोरं कडेवर घेऊन सगळी कमिटी माझ्याकडे आली. मी मोठ्या मनाने, या बसा, केलं. मालिया केस पिळता पिळता थांबली आणि वर बघत राहिली.

"अध्यक्षबाई, भोक कुठंय?"

"बुजवलं."

"का बरं?"

"पाऊस आत येतो ना."

बाहेर पाऊस वाजत होता.

"नियम म्हणजे नियम," मालिया म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

पेटीतून चटई लितिआनेच काढून दिली, मी न सांगता. कमिटीने तिथेच ठराव केला: साऱ्या गावाची भोकं बुजवायची आणि मिस्त्रीला मजुरी म्हणून दंडाची चटई द्यायची.

पाऊस उघडल्यावर सेमिसी बायकोला घेऊन आला. चटई तिच्या कमरेला लावून बघितली. "हीच ना ती, कबूल केलेली?"

"ती हिच्यापुढे पायपुसणं होती," मी म्हटलं. "ही माझ्या मयताची."

"मग आता मरायची घाई करू नका, अक्का," तो म्हणाला आणि नीरफणसाचा आणखी एक तुकडा उचलला.