हातात उरलेला तुकडा

पणजेसासरे गेणूशेठ, आजेसासरे हनुमंतशेठ आणि सासरे आदिनाथशेठ या तिघांनी लोणावळ्यात चिक्की विकली; परंतु कामगाराची एक पैही बुडवली नाही. चौथी मी, कस्तुराबाई. हे मी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवले आहे, की दुकानातला वजनकाटासुद्धा ते घडाघडा म्हणून दाखवील.

टाळेबंदीत गिऱ्हाईक आटले, तेव्हा मी चिक्की करणाऱ्या पाचही बायकांचा दहा हजारांचा पगार वीस टक्क्यांनी कमी केला. गिऱ्हाईक परतताच, कोणी मागण्यापूर्वी, तो वीस टक्क्यांनी वाढवला. हिशेब मिटला.

पंचवीस महिन्यांनी, त्यांच्यातली, कान्हे गावाहून येणारी चंपा पाक ढवळता ढवळता म्हणाली, "मावशी, म्हैन्याला चारशे कमी येत्यात."

"जेवढे टक्के कापले, तेवढेच वाढवले ना?"

"व्हय. पर आमची प्रेरणा म्हनती, वाढ कापलेल्या पगारावर मोजलीया. तिच्या क्लासची फी बी चारशेच हाय."

"सातवीतली पोर मला हिशेब शिकवणार?"

मी भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, फळीवर चिक्कीचे दहा तुकडे मांडले. "हे दहा हजार. वीस टक्के, म्हणजे दोन, उचलले. राहिले आठ. आता आठावर वीस टक्के वाढ दे."

चंपाने सुरी घेतली. माझ्या हातातल्या दोन तुकड्यांतून दीड तुकडा आणि वर थोडासा चुरा तिने आठांच्या शेजारी ठेवला. "झाली वाढ."

माझ्या तळहातावर अर्ध्याहून जरासा लहान तुकडा उरला.

"आजी, तो कोणाचा?" पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने विचारले.

मी तो पटकन तोंडात टाकला. वरची कवळी त्यात अशी रुतली, की जबडा उघडेना.

"गिळू नका मावशी, पानी आनते," म्हणत चंपा धावली. जिचे पैसे मी बुडवले, तिच्याच हातचे कोमट पाणी पिऊन माझी कवळी सुटली. मान मात्र वर करवेना.

दुकानासाठी 'चार पिढ्यांचा विश्वास' अशी नवी पाटी सांगितली होती. ती रद्द करून सायंकाळी पाचही जणींना पंचवीस महिन्यांच्या थकबाकीचे दहा-दहा हजार दिले. चंपाने दोनदा मोजले.

"समदं फिटलं, मावशी."

"समदं नाही," मी म्हणाले आणि काट्यावर मी खाल्ला तेवढाच तुकडा तोलून तिच्या हातावर ठेवला.

नको म्हणेल असे वाटले होते. तिने तो पदराच्या टोकाला बांधला. "प्रेरणाला दाखवते."