अकिमसाहेब दूध काढतात

"गाय लाथ मारत नाही ना?" बाकासने विचारलं आणि बुरुलच्या तोंडचं पाणी पळालं.

बाकास हा अकिमसाहेबांचा माणूस. प्रांताचे अकिम, म्हणजे प्रांतप्रमुख, यंदा निवडणुकीला उभे होते. "हा कसला आपला? हा तर मोटारीतून जगतो," असं लोक म्हणत होते, म्हणून साहेब आज एका साध्या घरी येऊन टीव्हीसमोर स्वतःच्या हाताने गाय दोहणार होते. गावातली सर्वांत देखणी गाय बुरुलची. पण बुरुलखेरीज कुणाचा हात आचळाला लागला, की ती बिथरायची. बुरुलच्या नवऱ्याचे, एशिमचे, पुढचे दोन दात तिनेच पाडले होते.

"छे हो, अगदी गरीब आहे," एशिम तोंडावर हात धरून म्हणाला.

"अहो!" बुरुल कुजबुजली.

"गप गं! नाही म्हटलं तर उन्हाळ्याला कुरण देतील का आपल्याला?"

तेवढ्यात गाड्या आल्याच. साहेब हसत उतरले, म्हाताऱ्यांना भेटले, बोर्सोकचा, तळलेल्या पिठाच्या वडीचा, तुकडा तोंडात टाकला आणि बादली घेऊन गायीपाशी बसले. गायीने मान वळवून फुस्स केलं. जवळून पाहिलं तर साहेबांचे ओठ पांढरेफटक पडलेले.

"ताई, खरं सांगा," हसू तसंच ठेवून ते पुटपुटले, "मारते का?"

बुरुलने कॅमेऱ्याकडे पाहिलं, बाकासकडे पाहिलं. "मारते, साहेब."

"जोरात?"

"आमच्या ह्यांना जरा हसायला सांगा."

साहेबांनी एशिमकडे पाहिलं. एशिम अदबीने हसला. साहेबांच्या हातातली बादली वाजायला लागली.

"माझा रुमाल बांधा डोक्याला," बुरुल घाईने म्हणाली, "आणि हा कोट चढवा. वासाला फसेल ती."

जिवाच्या भीतीने साहेबांनी लाल फुलाफुलांचा रुमाल हनुवटीखाली बांधला. गाय फसली, पण जरा जास्तच. तिने मायेने साहेबांचं तोंड कानापर्यंत चाटलं.

"आई गं!" साहेब किंचाळले आणि पळत सुटले. पुढे रुमालातले अकिम, मागे लाडात आलेली गाय, अशा अंगणाला फेऱ्या झाल्या. प्रक्षेपण थेट चालू होतं. बाकास मटकन खाली बसला.

गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. त्यानंतर रस्त्यावर गाडी वाजली की बुरुल दाराआड लपायची. एशिमने तर कोठडीत लागतील म्हणून लोकरी मोजे बांधून ठेवले.

आणि एका सकाळी काळी गाडी दारात उभी राहिली. बाकास उतरला. बुरुल दाराची चौकट धरून उभी.

"वहिनी, कमाल केलीत!" बाकासने चक्क टोपी काढली. "अख्खा प्रांत म्हणतोय, घाबरतो बघा कसा, अगदी आपल्यासारखा! आपला माणूस!"

"म्हणजे... धरून नाही नेणार आम्हाला?"

"धरून कशाला नेऊ? साहेबांना पुन्हा घाबरवायचंय. गाय झाली. दुसरं काही आहे का?"

बुरुलने गाडीकडे पाहिलं. काचेआड अकिमसाहेब छातीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते आणि केविलवाणेपणाने मान हलवत होते. नको, नको. तिला एकदम त्यांची दया आली.

"आमच्याकडे कुठलं काय, भाऊ," ती बाकासला म्हणू लागली.

"उंट आहे की माझ्या चुलत्याचा!" मागून एशिम उत्साहाने ओरडला. "चावतोसुद्धा!"