हौसाकाकींच्या दारात ‘येते’ म्हणायचं नाही

निघताना सगळा महाराष्ट्र ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं, की घरातली जुनी माणसं दचकतात. कोल्हारच्या हौसाकाकींच्या दारात मात्र उलटा कायदा होता. काढ्याची बाटली पिशवीत टाकून कुणी सवयीनं “येतो काकी” म्हणालं, की त्या कडाडायच्या, “परत खोकायला येतो व्हय रं? जातो म्हन! आन हिकडं तोंड दावू नको!”

नवखं गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊनच पळायचं.

नवरा गेल्यावर काकींनी पडवीत चूल मांडली आणि अडुळशाचा काढा, माक्याचं तेल, हिरड्याचं चूर्ण करून विकायला सुरुवात केली. मदतीला धाकटी जाऊ, नंदाकाकू. त्या कपाळावर हात मारायच्या. “आवं जाऊबाई, सारं जग गिऱ्हाइकाला या म्हनतंय, आन तुमी हाकलताय!”

“परत आला तर माझा माल खोटा, नंदे.”

दर हिवाळ्यात माझी छाती भरायची आणि आई मला तिथं न्यायची. आमच्या घरात खाऊपेक्षा पत्रकं जास्त. अंधश्रद्धेविरुद्धची, दारूविरुद्धची; वडील ती बाजारात वाटायचे. ती वाचूनच मी वाढले. त्या जोरावर एकदा काकींना सुनावलं, “शब्दानं रोग येत नाही, काकी. ही अंधश्रद्धा आहे.”

“व्हय का? मंग जाते म्हनायला तुझं काय जातंय?”

याचं उत्तर एकाही पत्रकात नव्हतं.

उरलेली पत्रकं मात्र काकी मागून घ्यायच्या, पुड्या बांधायला. “तुझ्या बापाचा कागद लई झ्याक. चूर्ण सांडत न्हाई.” अशी आमची दारूबंदी हिरड्याबरोबर घरोघर पोचली. मनं किती साफ झाली ठाऊक नाही, पोटं झाली.

गावातल्या वैद्यबुवांना लोक वाकून नमस्कार करत आणि काकींना ‘पालेवाली’ म्हणत. मला याचा संताप यायचा. अजून येतो. काकी म्हणायच्या, “खोकला थांबला न्हवं? मंग पालेवाली तर पालेवाली.”

पुढं आम्ही शहरात, सावेडीला राहायला आलो. नंदाकाकूंच्या मुलाला सुप्याच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याही तिकडं गेल्या. आता मोबाईलवर ऑर्डरी त्या घेतात आणि कोल्हारहून बाटल्या टेम्पोनं जातात. धंदा वाढला, पडवी रिकामी झाली.

गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम गेले. काकींनी आधी माझी खालची पापणी ओढून पाहिली. “जीभ दाव.”

दाखवली.

“दुखतंय कुठं?”

“कुठंच नाही.”

“मंग कशापाई आलीस?”

“तुम्हाला भेटायला.”

या दुखण्यावर काय द्यायचं, ते काकींना सुचेना. आत जाऊन बराच वेळ डबे वाजवत राहिल्या. मग चहा आला. त्यात सुंठ इतकी, की माझ्या डोळ्यांतून पाणी.

“बरं झालं की मानूस हिकडं फिरकत न्हाई,” पदरानं कपाची बशी पुसत त्या म्हणाल्या. “चांगलंच हाय म्हना ते.”

निघताना लहानपणीच्या सवयीनं मी म्हणाले, “जाते काकी.”

काकींनी माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला.

“नक्की दुखत न्हाई ना कुठं?”

“नाही हो.”

“मंग येते म्हन की.”