अंगठ्याखालचे दोन दाणे

कुंदामावशी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. दार उघडलं की त्यांची नजर थेट खाली, तुमच्या पंजावर जाते. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत शेजारी नवी सून आली, तेव्हा बायका तिची पैठणी बघत होत्या. मावशी म्हणाल्या, "दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. उंच टाचा घालू नकोस, सगळा भार तिथल्या हाडावर येईल." सून बिचारी माप ओलांडायला उभी होती.

दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी हयात गेली. "पाऊल उचलायचं नसतं, ढकलायचं असतं," हे त्या भाजीवाल्यालाही सांगतात. "टाच उचलली की अंगठा मुळाशी वाकतो. तिथून तू पुढे जातोस. चाल बघू." तो चालून दाखवतो आणि गिऱ्हाईक खोळंबतं.

मी हसायचे. आमच्या पल्लवीचा पाय दुखेपर्यंत.

माझी लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर धावताना उजव्या अंगठ्याखाली कळ यायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, बारीक हाड मोडलंय, यंदा धावणं विसरा. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

मावशींनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "अंगठ्याच्या सांध्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडं असतात. त्यांच्यामुळे अंगठ्याला ढकलायला जोर मिळतो. यातलं एक दोन तुकड्यांत दिसतंय खरं, पण कडा बघ, गोल आहेत. मोडलेलं हाड इतकं गुळगुळीत नसतं. हे जन्मापासून असंच असणार. डाव्याचाही एक्स-रे काढून घे आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखव."

डाव्या पायातही तसेच दोन तुकडे निघाले. दुसरे डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नुसती सूज आहे. सहा आठवडे धावणं बंद आणि बुटात गादी. ती गादी मावशींनी स्वतः कापली, दुखऱ्या जागी खळगा ठेवून. पाच वेळा कापली, पाचही वेळा पल्लवीला गॅलरीत चालवलं.

भरतीच्या दिवशी मावशी मैदानाच्या कुंपणाला धरून उभ्या होत्या. आम्ही पल्लवीच्या नावाने ओरडत होतो, त्या एकट्याच "ढकल, ढकल" म्हणत होत्या. शेवटच्या वळणावर पल्लवीने तिघींना मागे टाकलं. पुढे निवडयादीत नाव लागलं, तेव्हा मावशी कॉलनीभर सांगत फिरल्या, "हाडं पास झाली."

आम्ही मायलेकी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. पल्लवी पाया पडायला वाकली, तसे त्यांनी पाय खुर्चीखाली ओढले. मी ते पाय तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. अंगठे आत कललेले, बोटं एकमेकांवर चढलेली, नखं वाढून वळलेली.

"कमरेतून वाकता येत नाही आता," मावशी म्हणाल्या. "हात पोचत नाही."

"मग सांगायचं ना," मी म्हटलं.

"कुणाला सांगणार गं?"

पल्लवीने कोमट पाणी आणलं, नेलकटर शोधलं आणि खाली बसून त्यांचं एक पाऊल मांडीवर घेतलं. मावशी नको नको म्हणत राहिल्या. दुसरं पाऊल मात्र त्यांनी आपणहून पुढे केलं.